रुंद टायर वेगळा, जड चालणारा टायर वेगळा

"टायर रुंद घातला की रस्त्याला जास्त चिकटतो, म्हणून हायब्रिडचं ॲव्हरेज पडतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकताच हात कपाळाकडे जातो. (हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटरही असलेली गाडी.) ॲव्हरेज पडतं, हे बऱ्याचदा खरं असतं. कारण मात्र चुकलेलं असतं, आणि कारण चुकलं की पुढचे टायरही चुकीचेच घेतले जातात.

टायरच्या बाजूवर 195/65 आर 15 असे आकडे असतात. 195 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, 65 म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत, आणि 15 हा रिमचा, म्हणजे आतल्या धातूच्या चाकाचा, इंचातला व्यास. रिमची रुंदी वेगळी, ती इंचात असते आणि मायलेजच्या भांडणात तिचा फारसा हात नसतो. तिला सोडून देऊ.

आता चिकटण्याचं बघू. दीड टनाच्या गाडीत एकेका चाकावर साधारण पावणेचारशे किलो भार येतो. आत 35 पीएसआय हवा असेल तर तो पेलायला जवळपास दीडशे चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकावं लागतं, मग टायर 195 चा असो की 215 चा. अरुंद टायरचा ठसा लांबुळका, रुंद टायरचा आखूड आणि आडवा पसरलेला. क्षेत्रफळ जवळजवळ तेच.

मग ताकद जाते कुठे? वाकण्यात. चाक फिरताना रबराचा प्रत्येक भाग खाली आला की दबतो आणि पुढे सरकला की सुटतो. दाबायला जेवढी शक्ती लागली तेवढी सुटताना परत मिळत नाही. मधली तूट उष्णता होऊन जाते. लांबचा पल्ला मारून आल्यावर, सावलीतल्या बाजूच्या टायरला हात लावून पाहा. ते कोमटपण तुमच्या पेट्रोलच्या टाकीतून आलंय. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात, मी त्याला टायरचं जड चालणं म्हणतो. आणि गंमत अशी, की रुंद टायरचा ठसा आखूड असल्याने तो उलट कमी वाकतो. हवा, रबर आणि बांधणी सारखी ठेवली तर निव्वळ रुंदीने गाडी जड चालायलाच हवी असं काही नाही.

जड चालणं ठरतं ते मुख्यतः रबराच्या मिश्रणावर आणि आतल्या बांधणीवर. युरोपात टायरवर जे लेबल लागतं, त्यात कारच्या टायरसाठी 'ए' वर्ग म्हणजे दर टन भाराला 6.5 किलो किंवा त्याहून कमी रोध. 'डी' वर्ग 9.1 पासून 10.5 पर्यंत. आपल्या दीड टनाच्या गाडीला मागे ओढणारं बळ 'ए' मध्ये फार तर पावणेदहा किलो, तर 'डी' च्या टोकाला पावणेसोळा. टायरची साइज तीच, रुंदी तीच, तरी हा फरक! दुकानात लोक तासभर 195 की 205 यावर वाद घालतात आणि लेबलकडे ढुंकूनही पाहत नाहीत, तेव्हा माझा तोल जातो.

रुंदी अगदीच निर्दोष नाही. ती हवेत नडते. जास्त रुंद टायर समोरून येणाऱ्या हवेला जास्त अडतो, आणि हा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: 60 च्या वेगाला जेवढा, 120 ला त्याच्या चौपट. शहरातल्या सिग्नल-टू-सिग्नल चालवण्यात तो विसरलात तरी चालेल.

मग रुंद टायर बदनाम का झाला? कारण तो एकटा येत नाही. सोबत मोठी रिम, जड अलॉय आणि ग्रिपसाठी बनवलेलं मऊ रबर घेऊन येतो. 2023 ची अमेरिकेतली टोयोटा प्रियस पाहा. खालच्या ट्रिमला, म्हणजे स्वस्त मॉडेलला, 195/60 आर 17 आणि वरच्या ट्रिमला 195/50 आर 19. रुंदी दोन्हीकडे 195 च! तरी ईपीएचा, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा, शहर आणि हायवे मिळून एकत्रित आकडा 57 मैल प्रति गॅलनवरून 52 वर येतो, म्हणजे लिटरमागे साधारण 24 वरून 22 किलोमीटर. वरच्या ट्रिमचं थोडं जास्त वजनही त्यात आहे, पण रुंदीला दोष द्यायला इथे जागाच नाही. दिसायला 19 इंची भारी दिसतात, कबूल. मी 17 च घेईन.

हायब्रिडमध्ये हे जास्त जाणवतं त्यालाही कारण आहे. जड चाकाला वेग द्यायला लागलेली शक्ती ब्रेक लावताना मोटर काही प्रमाणात बॅटरीत परत भरते. टायरने वाकण्यात घालवलेली शक्ती मात्र मोटरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून हायब्रिडला मी चार किलो जड अलॉय एक वेळ माफ करेन, जड चालणारं रबर नाही.

राहता राहिला मीटर. 195/65 आर 15 काढून 205/65 आर 15 घातला की लोकांना वाटतं फक्त रुंदी वाढली. पण 65 हे रुंदीचे टक्के आहेत! रुंदीबरोबर उंचीही वाढते आणि चाकाचा व्यास 634.5 वरून 647.5 मिलिमीटर होतो. गाडी फेऱ्या मोजते, त्यामुळे खऱ्या 100 किलोमीटरला मीटर 98 दाखवतो आणि पेट्रोल तेवढंच जळूनही ॲव्हरेज दोन टक्क्यांनी घसरलेलं दिसतं. त्यात तुलना असते जुन्या गुळगुळीत टायरशी. झिजलेला टायर हलका चालतो आणि त्याचा व्यास घटल्याने मीटर जास्तच किलोमीटर मोजतो. तेव्हा आधी जीपीएसवर 100 किलोमीटर मोजा, मीटरशी ताडून पाहा, नव्या टायरची नक्षी थोडी झिजू द्या आणि मग टायरवाल्याशी भांडायला जा.