पाच हजारांचा नियम आला कुठून? छोट्या गाडीच्या इंजिन ऑइलची पार्श्वभूमी

बोनेट उघडलं की मिस्त्री डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढतो. टोकाला आलेला थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतो, बोटं हळूच विलग करून तार येते का ते बघतो आणि निकाल देतो, "काळं पडलंय, चिकटपणा गेलाय. बदलून टाका साहेब." पुढचा प्रश्न असतो, "वीस-चाळीस टाकू ना? आपल्याकडच्या उन्हाला जाडच बरं." आणि निघताना न विचारता सांगितलेलं एक वाक्य: "पाच हजार किलोमीटर झाले की या."

ही तिन्ही वाक्यं एके काळी अनुभवाला धरून होती. ज्या इंजिनांवर आणि ज्या पेट्रोलवर ती तयार झाली, ती इंजिनं आणि ते पेट्रोल मात्र गेलं. वाक्यं गॅरेजमध्ये राहिली. छोट्या गाडीच्या मालकानं यातलं काय पाळावं आणि काय सोडावं, हे कळायला जरा मागं जावं लागतं.

आपल्याकडे वंगण हा शब्द मोटारीच्या कितीतरी आधीचा. बैलगाडीच्या आसाला एरंडेल लागायचं. चाक कुरकुरायला लागलं की वंगण द्यायचं, इतका साधा हिशोब. हेच एरंडेल पुढे मोटारीत आणि विमानात गेलं, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये वंगणाचा धंदा सुरू केला आणि १९०९ च्या सुमारास एरंडेल मिसळलेलं मोटारीचं तेल बाजारात आणलं. 'कॅस्टर' म्हणजे एरंड, त्यावरून नाव पडलं कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं तर एरंडेलावरच चालत, कारण ते धातूला घट्ट धरून राहतं आणि पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. एरंडी पुरवणाऱ्या देशांत हिंदुस्थान तेव्हाही पुढे होता. एरंडेलाचा दोष एकच, पण मोठा. तापून तापून त्याचा डिंक होतो. रोज खोलून साफ होणाऱ्या इंजिनाला ते चाललं, घरगुती मोटारीला परवडणारं नव्हतं. तिथं खनिज तेलच टिकलं. क्रूडपासून, म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलापासून, यंत्रांचं वंगण करण्याचा धंदा अमेरिकेत जॉन एलिस नावाच्या डॉक्टरानं १८६६ मध्येच सुरू केला होता, त्याची कंपनी पुढे व्हॅल्व्होलिन झाली.

सुरुवातीच्या मोटारीत ऑइलचे हाल व्हायचे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला ऑइल पंप नव्हता. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, फिरताना ऑइल उडायचं आणि नळीतून पुढे वाहायचं. ऑइल फिल्टर नाही, हवेलाही गाळणी नाही. कच्च्या रस्त्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये. अशा इंजिनाचं ऑइल काही शे मैलांत बदलावं लागे, आणि ते बरोबरच होतं. प्युरोलेटर नावाचा फिल्टर १९२३ मध्ये आला, तरी सगळं ऑइल फिल्टरमधून जाऊनच बेअरिंगला पोचावं ही रचना सर्रास व्हायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथं आहे. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेनं, म्हणजे एसएईनं, १९११ मध्ये ऑइलच्या दाटपणाचं पहिलं वर्गीकरण केलं. वीस, तीस, चाळीस हे आकडे त्याच परंपरेतले. ते फक्त दाटपणा सांगतात, दर्जाबद्दल काहीच सांगत नाहीत. चाळीस हे तीसपेक्षा 'भारी' ऑइल नव्हे, जास्त दाट ऑइल. आज हा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला मोजतात, कारण चालू इंजिनातलं ऑइल साधारण तितकं तापलेलं असतं.

थंड देशांत अडचण वेगळीच होती. उन्हाळ्यात नीट चालणारं ऑइल हिवाळ्यात इतकं घट्ट व्हायचं की इंजिन फिरेना. म्हणून हिवाळ्याचे वेगळे ग्रेड आले आणि आकड्यापुढे डब्ल्यू लागला, म्हणजे 'विंटर'. हा डब्ल्यू वजनाचा आहे असं आपल्याकडे कित्येक जण अजून समजतात. वर्षातून दोनदा ऑइल बदलायची ही कटकट १९५० च्या दशकात मल्टिग्रेड ऑइलनं संपवली. त्यात अशी पॉलिमर घातली की तापल्यावरही ऑइल फार पातळ होऊ नये. २०डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा गारठ्यातला, दुसरा तापलेल्या इंजिनातला.

इथं आपला मिस्त्री म्हणेल, महाराष्ट्रात कुठं बर्फ पडतो? खरं आहे. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, आणि निफाडच्या कडाक्यातही पारा तिथवर जात नाही. पण पहिला आकडा लहान असलेलं ऑइल दहा-बारा अंशांच्या सकाळीसुद्धा लवकर वर चढतं. रात्रभर सगळं ऑइल खाली, इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरलेलं असतं. स्टार्टर मारल्यावर ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचेतो धातूवर धातू घासतो. छोटी गाडी दिवसातून चार-पाच वेळा बंद-चालू होते, म्हणून हा मुद्दा तिच्या दृष्टीनं मोठा आहे.

दर्जाची बाजू सांभाळली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं. १९४७ मध्ये एपीआयचं वर्गीकरण अगदी ढोबळ होतं: रेग्युलर, प्रीमियम, हेवी ड्यूटी. पुढे पेट्रोल इंजिनांसाठी 'एस'नं सुरू होणारी अक्षरांची मालिका आली. एसएफ १९८० चं, एसजे १९९७ चं, एसएल २००१ चं, एसएन २०१० चं आणि एसपी २०२० चं. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकी चाचणी कडक. डब्याच्या मागच्या बाजूला हे बारीक अक्षरात असतं आणि पुढच्या बाजूच्या चमकदार नावापेक्षा मला ते कितीतरी महत्त्वाचं वाटतं. एसपीमध्ये छोट्या टर्बो इंजिनांना छळणाऱ्या अवेळी स्फोटाची आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आली. एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन असलेल्या मालकानं एसएलचा स्वस्त डबा का घेऊ नये, त्याचं कारण हे.

काळ्या ऑइलची गोष्ट मात्र याच्याही आधीची. १९३० च्या दशकात अमेरिकेत डिझेल ट्रॅक्टरांच्या पिस्टन रिंगा काजळीनं चिकटून बसायला लागल्या. त्यावर उपाय म्हणून ऑइलमध्ये साबणासारखं काम करणारी द्रव्यं, म्हणजे डिटर्जंट घालायला सुरुवात झाली. ती काजळी धुऊन काढतात आणि बारीक कण ऑइलमध्येच तरंगत ठेवतात. बदलल्यावर हजार-दीड हजार किलोमीटरांतच ऑइल काळपट झालं तर त्याचा अर्थ ते आपलं काम करतंय. बोटांत चोळून पाणी, पेट्रोलचा वास किंवा खर जाणवू शकते. ऑइलमधली आम्ल मारणारी द्रव्यं किती उरली, हे कुणाच्याही बोटांना कळत नाही.

मग पाच हजार आले कुठून? अमेरिकेत तीन हजार मैलांचा नियम घरोघरी पाठ होता, म्हणजे जवळपास पाच हजार किलोमीटर. तो इतका रुजला की कॅलिफोर्नियाच्या सरकारी कचरा व्यवस्थापन खात्याला तो मोडायला मोहीम काढावी लागली, कारण चांगलं ऑइल उगाच फेकलं जात होतं. आपल्याकडे मात्र या आकड्याला भक्कम आधार होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर, सकाळी ओढायचा चोक, आणि चोक ओढला की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये. पेट्रोलमध्ये शिसं, त्याचे क्षार ऑइलमध्ये. भरीला गंधक. गंधक जळून आम्ल होतं आणि बेअरिंग खातं. वर रस्त्यांची धूळ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी आणि त्यांच्या मिस्त्र्यांनी या सगळ्यावर उपाय शोधला तो जाड ऑइल आणि लवकर बदल. रिंगा झिजल्या, निळा धूर यायला लागला, की आणखी जाड ऑइल घालून बोअरचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर नीट करण्याचं, काम सहा महिने पुढे ढकलायचं. पैशाच्या ओढाताणीत घेतलेला तो शहाणा निर्णय होता, मी त्याला नावं ठेवणार नाही.

त्या काळात निवडही फारशी नव्हती. ट्रॉम्बेला १९५४-५५ मध्ये दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, १९७० च्या दशकात तेल कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, इंडियन ऑइलनं १९७२ मध्ये सर्वो आणलं. बहुतेकांच्या नशिबी पंपावर मिळेल ते मिनरल, म्हणजे साधं खनिज ऑइल. परदेशी ब्रँडची रांग लागली ती १९९० च्या दशकात हे क्षेत्र खुलं झाल्यावर, आणि तेव्हापासून 'सिंथेटिक', म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेलं ऑइल, हा शब्द आपल्या कानावर पडू लागला. तिकडे अमेरिकेत मोबिल १ हे सिंथेटिक ऑइल १९७४ पासून होतं. हा शब्दही आता पूर्वीइतका नेमका नाही. १९९९ मध्ये मोबिलनं अमेरिकेतल्या जाहिरात-नियमन संस्थेकडे कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली, की क्रूडपासूनच फार शुद्ध केलेल्या तेलाला सिंथेटिक म्हणू नये. निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला. म्हणून डब्यावरच्या 'फुल सिंथेटिक'पेक्षा ग्रेड आणि एपीआयची अक्षरं बघावीत.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. गाडीसोबत आलेलं सर्व्हिस बुक आणि मोफत सर्व्हिसची कुपनं हा मध्यमवर्गीय घरांना नवा अनुभव होता. खरा पालट त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, चोक गेला, चेंबरमध्ये पेट्रोल उतरणं कमी झालं. पेट्रोलमधलं गंधक २००० च्या मानकात १,००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार) चालत होतं, बीएस-४ या सरकारी प्रदूषण मानकात ५० वर आलं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १० वर. ऑइल ज्या तीन शत्रूंमुळे मरत होतं, ते तिन्ही वीस वर्षांत क्षीण झाले. कंपन्यांनी पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलं ते या जोरावर.

ऑइल पातळ का होत गेलं, याचं कारण कायद्यात आहे. इंधनटंचाईनंतर अमेरिकेनं १९७५ मध्ये मोटार कंपन्यांवर सरासरी मायलेजचं बंधन घातलं. आपल्याकडे तसेच नियम २०१७ मध्ये आले आणि २०२२ पासून कडक झाले. पातळ ऑइल ढवळायला इंजिनाची ताकद कमी लागते, म्हणून छोट्या गाड्या ५डब्ल्यू-३० वरून ०डब्ल्यू-२० वर आल्या, काही तर ०डब्ल्यू-१६ वर. काही जण म्हणतात, हे मायलेजच्या आकड्यासाठी आहे, इंजिनाला जाडच हवं. पहिला भाग खरा, दुसऱ्याशी मी सहमत नाही. ही इंजिनं त्या ऑइलसाठीच घडवलेली आहेत: बेअरिंगमधली फट, पंप, आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा. तिथं २०डब्ल्यू-४० घालणं म्हणजे सकाळी ऑइल उशिरा पोचवणं. उलट ज्या जुन्या गाडीच्या पुस्तिकेत दाट ग्रेड आहे, तिला पातळ पाजू नये.

आता दहा हजार पाळायचे का? पुस्तिका नीट वाचली तर पुढच्या पानांवर आणखी एक तक्ता असतो, खडतर वापराचा. थोडं-थोडं अंतर, सारखी बंद-चालू, धूळ, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास आयडलिंग. पुण्या-ठाण्यातला रोजचा चार किलोमीटरचा फेरा त्यातच बसतो. इंजिन पुरतं तापत नाही, जळताना तयार झालेली वाफ ऑइलमध्ये साचते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट, सायीसारखा थर दिसला तर तो याचाच. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, त्यातलं बरंच आपल्या साखर कारखान्यांतलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत ही काळजी थोडी वाढली आहे. छोट्या गाडीत ऑइल असतं जेमतेम तीन-साडेतीन लिटर, तेवढ्यात हे सगळं सामावायचं असतं.

माझी गाडी वर्षाला सहा हजारांच्या आसपास चालते, बहुतेक शहरातच. मी किलोमीटर धरत नाही. पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी, पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल फिल्टरसकट बदलून घेतो, इंजिन गरम असताना. डबा माझ्यासमोर उघडायला सांगतो आणि रिकामा झाला की भोक पाडून घेतो, म्हणजे त्यात पुन्हा भेसळ भरली जात नाही. तारीख आणि किलोमीटर बोनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवलेले आहेत.