दिव्यातला पारदर्शक थेंब

एलईडी दिव्याचे दुधी झाकण काढले, तर आतल्या पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळे चौकोन दिसतात. प्रत्येक चौकोनाच्या तळाशी गॅलियम नायट्राइडची इवलीशी चिप असते आणि ती निळा प्रकाश देते. त्यातल्या काही प्रकाशाचे वरची पिवळी भुकटी पिवळ्या प्रकाशात रूपांतर करते व दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरे दिसतात. ही भुकटी ज्या पारदर्शक थेंबात कालवलेली असते, तो थेंब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दिव्याचे आयुष्य मात्र बरेचसे त्याच्यावरच अवलंबून असते.

सुरुवातीला हा थेंब इपॉक्सी या कृत्रिम राळेचा असे. इपॉक्सी कडक आणि चिकट असते, पण ती पूर्णपणे सेंद्रिय, म्हणजे कार्बनच्या कण्यावर उभी आहे. चिपचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले आणि त्यात निळ्या प्रकाशाचा सततचा मारा बसला, की तिच्या रेणूंचे ऑक्सिडीकरण होऊन ती पिवळी पडते. पिवळा पदार्थ निळा प्रकाश शोषतो, शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते आणि त्या उष्णतेने पिवळेपणा आणखी वाढतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की दिवा मंदावत जातो.

यावरचा उपाय पॉलिसिलोक्झेन या संकरित पदार्थांत सापडला. (यांना ‘सिलिकोन’ म्हणतात, सिलिकॉन हे मूलद्रव्य वेगळे.) त्यांचा कणा वाळू आणि काच यांच्यासारखा, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंचा असतो, तर बाजूंना मिथाइल किंवा फेनाइल हे सेंद्रिय गट लटकलेले असतात. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा पुरते, सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला मात्र सुमारे ४५० लागते. असेंद्रिय कण्यामुळे उष्णता सोसण्याची ताकद येते, आणि सेंद्रिय गटांमुळे पदार्थ काचेसारखा ठिसूळ न होता मऊ राहतो. त्यामुळे दिवा तापता-निवताना चिपला जोडलेली केसाहून बारीक सोन्याची तार तुटण्याचा धोका कमी होतो.

खरी ओढाताण मिथाइल की फेनाइल, या निवडीत आहे. चिपचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो याचे माप) सुमारे २.४, म्हणजे हवेच्या १ पेक्षा बराच जास्त असल्याने उघड्या पृष्ठभागातून लंबाशी साधारण २५ अंशांच्या आत आलेले किरणच हवेत निसटतात, बाकीचे आत परततात. १.४१ अपवर्तनांकाच्या मिथाइल प्रकाराचे आवरण दिले, की चिपमधून आवरणात शिरण्यापुरती ही मर्यादा ३६ अंशांपर्यंत जाते, आणि १.५४ च्या फेनाइल प्रकाराने ती त्याहूनही रुंदावते. पण फेनाइल गट जास्त तापमानाला पिवळा पडण्याकडे झुकतो, म्हणजे इपॉक्सीचे जुने दुखणे थोड्या प्रमाणात परत येते. मिथाइल प्रकार उष्णतेत टिकतो, मात्र त्यातून वायू सहज आरपार जातात. हवेतील हायड्रोजन सल्फाइड आत शिरले, की चिपखालचा चांदीचा परावर्तक थर, देवघरातली चांदीची भांडी काळवंडावीत तसा, काळा पडतो.

या पेचातून वाट काढण्यासाठी सिल्सेस्क्विऑक्झेन नावाच्या पिंजऱ्यासारख्या रेणूंवर काम चालू आहे. घनाच्या आठ कोपऱ्यांवर सिलिकॉनचे अणू, बारा कडांवर ऑक्सिजनचे अणू आणि प्रत्येक कोपऱ्यातून बाहेर आलेला एक सेंद्रिय गट, अशी त्यांची रचना असते. हे पिंजरे लवचीक साखळ्यांमध्ये गुंफले, की जाळे घट्ट होऊन उष्णता अधिक सोसते. मात्र त्यांचे प्रमाण फार वाढवले, तर थेंब ठिसूळ होऊन त्याला तडा जाऊ शकतो.