सेंट्रल लाइनचे मेडिकल कोडिंग

मान, छाती, जांघ किंवा दंडातील शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत कॅथेटर (बारीक नळी) नेला, म्हणजे सेंट्रल लाइन टाकली, की त्या प्रक्रियेची नोंद वाचून तिला बिलासाठी सांकेतिक क्रमांक द्यायचा, असे हे काम आहे. पद्धत मूळची अमेरिकेतली. तिथे डॉक्टरांची बिले अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'सीपीटी' कोडांवर चालतात (पहिली आवृत्ती १९६६). त्यात या प्रक्रियांसाठी ३६५५५ ते ३६५९८ हा पट्टा आहे.

घोडे अडते ते कॅथेटरच्या टोकाशी. टोक ऊर्ध्व किंवा अधो महानीलेत (हृदयात रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा), उजव्या अलिंदात (हृदयाचा वरचा उजवा कप्पा), अथवा सबक्लेव्हियन, ब्रेकिओसेफॅलिक किंवा इलियाक शिरेत असेल, तरच ती सेंट्रल लाइन. दंडातून घातलेली नळी काखेपाशी थांबली तर ती मिडलाइन. किटच्या वेष्टनावर 'पिक' (दंडातून घातलेली सेंट्रल लाइन) छापलेले असले तरी पिकचा कोड तिला लागत नाही.

त्यापुढे शीर कुठे टोचली, त्वचेखालून बोगदा केला का, पोर्ट (औषध टोचण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवला का आणि रुग्णाचे वय पाचच्या आत आहे का, हे पाहतात. प्रौढाला आयसीयूत मानेतून साधी लाइन टाकली तर ३६५५६, डायलिसिससाठी बोगद्यातून नळी बसवली तर ३६५५८, केमोथेरपीचा पोर्ट असेल तर ३६५६१. काढताना मात्र गंमत आहे: बोगद्याची नळी काढली तर ३६५८९, पोर्ट काढला तर ३६५९०, साध्या लाइनसाठी वेगळा कोडच नाही.

क्लेम सर्वांत सहज गळतो तो सोनोग्राफीचा. 'सोनोग्राफीच्या मदतीने उजव्या मानेत लाइन टाकली' एवढ्या ओळीवर सोनोग्राफीचा कोड ७६९३७ मिळत नाही. कोणत्या शिरा तपासल्या, निवडलेली शीर मोकळी होती का, सुई आत जाताना पडद्यावर दिसली का, हे लिहावे लागते आणि प्रतिमा कायमची जपावी लागते. २०१९ पासून पिकच्या ३६५७२ व ३६५७३ या कोडांत इमेजिंग धरलेलेच असते, म्हणून तिथे ७६९३७ वेगळा लावला की क्लेम परत येतो.

दाखल रुग्णाच्या हॉस्पिटल बिलाला सीपीटीऐवजी आयसीडी-१०-पीसीएस ही वेगळी कोडपद्धत लागते. तिथेही साध्या लाइनचा कोड टोकाच्या जागेवरच ठरतो. शिवाय १ ऑक्टोबर २००८ पासून हॉस्पिटलात असताना झालेल्या कॅथेटर-संसर्गासाठी मेडिकेअर (अमेरिकेतली सरकारी आरोग्यविमा योजना) जादा पैसे देत नाही. त्यामुळे संसर्ग दाखल होतानाच होता की नंतर झाला, ही एक नोंद महागात पडू शकते.

पुणे, नवी मुंबईतल्या ऑफिसांत बसून अनेक मराठी कोडर या अमेरिकी नोट्स वाचतात. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत पॅकेजचे दर ठरलेले असल्याने इतकी फोड सहसा लागत नाही. नोटमध्ये टोकाची जागा नसेल तर कोडरने अंदाज बांधायचा नसतो, डॉक्टरला क्वेरी (लेखी विचारणा) पाठवायची असते. तीही 'टोक महानीलेत होते ना?' अशी उत्तर सुचवणारी चालत नाही. 'टोक कुठे आहे ते नोंदवावे' एवढेच विचारायचे.