सिरीयल पोर्टवरून गृहनियंत्रण

संगणकाच्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टमधून आज्ञा पाठवून घरातले दिवे, पंखे चालू-बंद करण्याची जुनी पद्धत. दुरुस्ती करणारे या पोर्टला ‘कॉम पोर्ट’ म्हणतात. मराठवाड्यात तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पाहायला मिळतो. उसाच्या गाडीचे वजन काट्यावरून संगणकात अशाच वायरीने येते.

या पद्धतीतली सर्वांत प्रसिद्ध प्रणाली एक्स-१०. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने ती १९७५ मध्ये विकसित केली. तिला वेगळी वायरिंग लागत नाही. घरातल्या विजेच्या तारांवरच, विजेची लहर शून्यावरून जाते त्या क्षणी, १२० किलोहर्ट्झचे छोटे स्पंद सोडले जातात. १६ अक्षरे आणि प्रत्येकी १६ क्रमांक, असे उपकरणांसाठी एकूण २५६ पत्ते मिळतात. पत्ता आणि आज्ञा मिळून विजेच्या लहरीची ४७ आवर्तने जातात, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सुमारे एक सेकंद.

संगणक आणि तारा यांच्यामध्ये सीएम११ए हा इंटरफेस, म्हणजे दोघांना जोडणारी पेटी, बसतो. संगणकाने ४८०० बॉडने (सेकंदाला ४८०० बिट या वेगाने) दोन बाइट पाठवले की तो त्यांची बेरीज परत सांगतो. बेरीज जुळली तर संगणकाने शून्य पाठवायचे. मगच आज्ञा तारेवर जाते. इतकी साधी आणि चोख रीत असल्यामुळे नवशिक्यालाही आपला प्रोग्राम स्वतः लिहिता येतो. लिनक्सवर ‘हेयू’ हा तयार प्रोग्राम आहे.

मराठवाड्यात खरी कसोटी लागते ती भारनियमनाची. लाईट जाऊन आली की सीएम११ए दर सेकंदाला हेक्स ए५ (सोळाच्या पायावर लिहिलेला अंक) हा बाइट पाठवून संगणकाकडे वेळ मागत राहतो आणि ती मिळेपर्यंत नव्या आज्ञांना दाद देत नाही. प्रोग्राममध्ये याचे उत्तर लिहिलेले नसेल तर सगळी यंत्रणा अडकल्यासारखी वाटते, आणि दोष उगाच वायरीला दिला जातो. दुसरी अडचण फेजची. एक फेज गेल्यावर घरातला काही भाग चेंजओव्हरने दुसऱ्या फेजवर घेतला, तर इंटरफेस एका फेजवर आणि दिवे दुसऱ्यावर राहतात. मध्ये कपलर, म्हणजे एका फेजवरचा संकेत दुसऱ्यावर नेणारे उपकरण, नसेल तर संकेत तिकडे नीट पोचत नाही.

अमेरिकेतून आणलेली १२० व्होल्टची उपकरणे आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नयेत, ती जळतात; युरोपसाठीची आवृत्ती घ्यावी. दिव्यांच्या डिमर मॉड्यूलवर (आज्ञा ऐकून दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या पेटीवर) पंखा किंवा पंप कधीही जोडू नये. पंख्यासाठी रिलेचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचे, मॉड्यूल असते. पंपासाठी रिलेची क्षमता आधी तपासावी आणि मोटार मोठी असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त प्रवाह पेलणारा मोठा रिले) घालावा.