मेंदूत लागलेलं विरजण

आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींचं अक्षर छापल्यासारखं. दोन वर्षांत ते बारीक होत गेलं. ओळीच्या सुरुवातीला हरभऱ्याएवढं, शेवटाला मोहरीएवढं. सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला, तेव्हा कुठे घरचे त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. हात अजून थरथरतही नव्हता. निदान झालं पार्किन्सनचं, म्हणजे आपल्याकडचा कंपवात.

मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक पट्टा असतो. या पेशी डोपामिन बनवतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. पार्किन्सनमध्ये त्या मरत जातात. 1912 साली फ्रेडरिक लेवी या जर्मन डॉक्टरांना रुग्णांच्या मेंदूपेशींत गोलसर गोळे दिसले होते. ते कशाचे, हे कळायला 1997 साल उजाडावं लागलं. दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी गावच्या एका घराण्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्यांच्यात एका प्रथिनाच्या जनुकातली एकच चूक सापडली. हे प्रथिन म्हणजे अल्फा-सिन्युक्लिन, 140 अमिनो आम्लांची माळ. तिचा 53 वा मणी बदललेला. बहुतेक रुग्णांत ही चूक नसते, पण लेवींचे गोळे याच प्रथिनाने भरलेले असतात, हेही त्याच वर्षी दिसलं.

निरोगी पेशीत ही माळ सैल असते, चेतातंतूंच्या टोकांशी कामात गुंतलेली. कधीतरी तिची घडी चुकते. चुकीच्या घडीची माळ शेजारच्या चांगल्या माळेलाही आपल्यासारखीच घडी घालायला लावते, मग तिसरीला, चौथीला. दुधाच्या पातेल्यात चमचाभर विरजण पडावं तसं. फक्त विरजणात जिवाणू असतात, इथे जिवंत काहीच नाही, पसरतो तो निव्वळ आकार. त्या अर्थाने खडीसाखरेचा दोरा जास्त जवळचा, पण मला विरजणच आवडतं.

हे विरजण एका पेशीतून दुसरीत जातं का? 2008 साली याचं अंगावर काटा आणणारं उत्तर मिळालं. काही रुग्णांच्या मेंदूत वर्षांपूर्वी गर्भातल्या कोवळ्या मेंदूपेशींचं रोपण केलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर तपासलं, तर 11 ते 16 वर्षं वयाच्या त्या परक्या पेशींतही लेवींचे गोळे! (घाबरू नका, रुग्णाची सेवा केल्याने हा आजार लागत नाही.)

पेशीत कचरा साफ करणारी यंत्रणा असतेच. गोशे या दुर्मिळ आनुवंशिक आजाराशी संबंधित जनुकात दोष असला की ती मंदावते आणि पार्किन्सनचा धोका वाढतो. त्यात डोपामिनच्या पेशींचा पसारा दांडगा: एकेकीच्या तंतूंची एकूण लांबी काही मीटर भरेल, असा अंदाज आहे. एवढ्या पसाऱ्याला ऊर्जा पुरवताना मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, झिजतात, आणि ते बिघडलेले तुकडेही वेळेवर काढून टाकावे लागतात.

डोपामिन थेट दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. मेंदूत त्याचं डोपामिन होतं. खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असतं. गुरुजी आता गोळी घेतल्यावर तासाभराने शर्टाची बटणं स्वतः लावतात. पण विरजण या गोळीने थांबत नाही. त्याला अडवू पाहणाऱ्या दोन प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) चाचण्यांचे निकाल 2022 साली आले, आणि दोन्हींनी निराशा केली.

चुकीची घडी पसरवण्याच्या या खोडीचा उपयोग निदानासाठी मात्र झाला. पाठीच्या मणक्यातून काढलेलं थोडं पाणी प्रयोगशाळेत चांगल्या सिन्युक्लिनमध्ये मिसळायचं आणि नळी हलवत ठेवायची. विरजण असेल तर तंतू बनतात आणि त्यांना चिकटणारा रंग चमकू लागतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून जास्त लोकांच्या अभ्यासात पार्किन्सनच्या सुमारे 88 टक्के रुग्णांत तो चमकला. ज्यांचा नुसता वास गेला होता किंवा जे झोपेत हातपाय झाडत होते, पण ज्यांच्या हालचाली अजून ठीक होत्या, अशांपैकीही बऱ्याच जणांच्या नळीत तो चमकला.