झबला पिशवी आणि मायक्रॉनचा हिशेब

प्लास्टिकच्या व्यापारात तिला झबला पिशवी म्हणतात. वर दोन कान, मधे गळा कापलेला. सपाट पसरली की तान्ह्या बाळाचं झबलंच. ठोक बाजारात ती नगावर नाही, किलोवर विकली जाते. महाराष्ट्रात गेली वीस वर्षं प्लास्टिक पिशव्यांच्या बंदीवर जो वाद चालू आहे, त्याचं मूळ मला या किलोत दिसतं. पिशवी जितकी पातळ, तितक्या किलोत जास्त बसतात आणि भाजीवालीला एक पिशवी तितकी स्वस्त पडते. इतकी स्वस्त, की ती फुकट द्यायला परवडते.

हा आकार मूळचा स्वीडनचा. सेलोप्लास्ट कंपनीत काम करणाऱ्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी तो बसवला आणि १९६५ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट निघालं. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडली जातात, त्यापेक्षा एक हलकी पण मजबूत पिशवी माणसाने पुन्हा पुन्हा वापरावी, असा त्यांचा हेतू होता, असं त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं. वापरून फेकायची वस्तू म्हणून ती जन्माला आलीच नव्हती.

आमच्या घरात ती नव्वदच्या दशकात शिरली. त्याआधी दाराआड खिळ्याला दोन-तीन कापडी पिशव्या टांगलेल्या असत. वडिलांच्या जुन्या पँटची शिवलेली जाड पिशवी कांद्या-बटाट्यांची, पातळ ती पालेभाजीची. तेलाला किटली. वाण्याच्या दुकानात छताला दोऱ्याचं रीळ लटकायचं. रद्दीच्या कागदात डाळ बांधून तो दोऱ्याचे चार वेढे द्यायचा आणि हाताच्या एका झटक्यात दोरा तोडायचा. यातलं काहीच कुणी कायद्याने बंद केलं नाही. फुकट पिशवी मिळू लागली आणि खिळा रिकामा झाला.

केंद्र सरकारने पहिला नियम केला तो १९९९ मध्ये: पिशवी किमान २० मायक्रॉन जाडीची हवी. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीच का धरली? जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती उधळणार नाही, आणि जड असल्याने कचरावेचक ती उचलतील, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नव्हता. पण बाजारात उभं राहून पिशवीची जाडी सांगणार कोण? २० आणि ४० मायक्रॉनमधला फरक बोटांना नीट कळत नाही, त्याला मायक्रोमीटर हे जाडी मोजायचं उपकरण लागतं. दंड मात्र पिशवी जिच्या हातात सापडेल तिला.

त्याच सुमाराला शेजारी काय चाललं होतं तेही पाहायला हवं. सिक्कीमने १९९८ मध्येच पिशव्यांवर बंदी आणली होती. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत तुंबलेल्या गटारांचा दोष पॉलिथिनवर आला आणि २००२ मध्ये त्या देशाने पातळ पिशव्या सरळ बंद केल्या. जगात असं करणारा तो पहिला देश. त्याच वर्षी आयर्लंडने दुसरी वाट धरली: बंदी नाही, पण प्रत्येक पिशवीमागे गिऱ्हाइकाने १५ सेंट मोजायचे. तिथला पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला.

महाराष्ट्रात हा विषय पेटला तो २६ जुलै २००५ नंतर. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. पाणी ओसरल्यावर गाळातून, गटारांच्या तोंडांतून पिशव्यांचे लगदे निघाले. ऑगस्टमध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी जाहीर केली.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं की पिशवी दोषी होतीच, पण एकटी नव्हती. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढ्याच क्षमतेच्या होत्या. मिठी नदी दोन्ही काठांनी आवळली गेली होती, खारफुटी भराव टाकून बुजवली होती. पण नदीकाठचं बांधकाम हटवण्यापेक्षा पिशवीवर बोट ठेवणं सोपं होतं. उद्योगाकडून हरकती आल्या आणि २००६ च्या नियमांत पूर्ण बंदीची जागा एका मापाने घेतली: ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको, ८ बाय १२ इंचांपेक्षा लहान नको. त्याच वर्षी अविघटनशील कचऱ्याचा राज्याचा कायदाही झाला, पुढच्या बंदीला आधार मिळाला तो त्याचाच.

पुढे दिल्लीचा आकडा वाढत गेला. २०११ मध्ये ४० मायक्रॉन, २०१६ मध्ये ५०. २०११ च्या नियमांत एक महत्त्वाचं कलम होतं: दुकानदाराने पिशवी फुकट द्यायची नाही. मॉलवाल्यांनी ते ताबडतोब उचललं, मंडईत ते पोचलंच नाही. २०१६ मध्ये त्याहून पुढची पायरी आली. पिशव्या देणाऱ्या विक्रेत्याने पालिकेकडे नोंदणी करून वर्षाला किमान ४८,००० रुपये भरायचे. पाटीवर चार जुड्या मेथी घेऊन बसणारी बाई हे पैसे कुठून आणणार, याचा विचार ज्यांनी नियम लिहिला त्यांनी केला असेल असं मला वाटत नाही. २०१८ मध्ये ते कलमच काढून टाकलं गेलं, आणि त्यासोबत पिशवीला किंमत लावायचा विचारही गेला.

मग आला २०१८ चा गुढीपाडवा. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, रामदास कदम पर्यावरणमंत्री. आदित्य ठाकरे यांनीही हा विषय लावून धरलेला. २३ मार्चला अधिसूचना निघाली. या वेळी मायक्रॉनची पळवाट नव्हती. पिशवी कितीही जाड असो, बंद. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. कारखानदार उच्च न्यायालयात गेले, एप्रिलमध्ये न्यायालयाने स्थगिती नाकारली. साठा संपवायला तीन महिने मिळाले आणि २३ जूनपासून मुंबईत निळ्या गणवेशातले निरीक्षक फिरू लागले.

ते पहिले काही दिवस मला आठवतात. बाजारात लोक खरोखर पिशव्या घेऊन येत होते. एक आजोबा स्टीलचा डबा घेऊन मासळी घ्यायला आले होते. सवय बदलते, हे मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं, म्हणून पुढे जे झालं त्याचं वाईट वाटतं. आठवडा होतो न होतो तोच किराणा दुकानदारांना पॅकिंगसाठी जाड प्लास्टिकची सवलत मिळाली. दुधाची पिशवी परत दिली की ५० पैसे मिळणार होते; आमच्या दूधवाल्याने ते कधी दिले नाहीत, आम्हीही कधी मागितले नाहीत. पातळ पिशव्यांचे गठ्ठे परराज्यांतून येत राहिले आणि काही महिन्यांत हातगाडीच्या खालच्या कप्प्यातून ती पुन्हा निघू लागली.

आणि कापडी म्हणून जी रंगीत पिशवी मिळू लागली, तिचं काय? तिचा एक कोपरा कातरून काडीने पेटवून पाहा. सुती कापड जळून राख होतं; हा तुकडा आक्रसतो, वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. तिला नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेलं कापड म्हणतात, पण ते पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकच.

केंद्राने ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची अट घातली. ८ बाय १२ इंचाची पिशवी धरून मी हिशेब मांडला. २० मायक्रॉनच्या किलोत साधारण सव्वाचारशे बसतात, ५० च्या पावणेदोनशेच्या आसपास, १२० च्या जेमतेम सत्तर. जाड पिशवी सहापेक्षा जास्त वेळा वापरली तरच तिचा फायदा. एकदाच वापरून फेकली, तर २० मायक्रॉनच्या पातळ पिशवीपेक्षा सहापट प्लास्टिक कचऱ्यात गेलं. कापडी पिशवीलाही हा हिशेब चुकत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये काढलेला आकडा असा, की हवामानावरच्या परिणामात साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. पँटची ती पिशवी आमच्याकडे किती वर्षं होती, हे आठवलं की तो आकडा मोठा वाटत नाही.

आमच्या भागात कचरा वेगळा करणाऱ्या एका ताईंजवळ मी मधे एकदा बसलो होतो. दुधाची पिशवी आली की त्या ती झटकून बाजूच्या पोत्यात टाकत. तिला भाव आहे. झबला पिशवी आली की उलटी करून आतलं काढत आणि ती बाजूच्या ढिगावर सोडून देत. मी विचारलं, ही का नाही घेत? त्यांनी एक ओली, भाताची शितं चिकटलेली पिशवी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, "दादा, अशा किती धुऊन वाळवल्या तर किलो व्हायचा?"