मनगट गावात दुखतं, हायवेवर नाही

भाच्याच्या हातात तांब्याचं, चुंबकवालं कडं दिसलं. "मामा, गाडी चालवून करंगळी बधिर होते, त्यावर आहे." मोटरसायकल पुढे वाकून बसायची, स्पोर्ट धाटणीची. कुठे होते बधिर? तर जळगावातच, अजिंठा चौफुली ते आकाशवाणी चौक. पाळधी सुटलं की एरंडोलपर्यंत काही नाही. कड्याला गुण असता तर तो चौकातही आला असता की!

गंमत तरफेत आहे. धड, डोकं आणि हात मिळून शरीराच्या वजनाचे साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे ७० किलोच्या माणसात ४७ किलो. ताठ बसलं की हे ओझं मणक्यावरून सरळ सीटवर उतरतं. झुकलं की ते कमरेच्या बिजागरीवरून पुढे पडू बघतं. गुरुत्वमध्य कमरेपासून ३० सेंमी धरला, तर १० अंशांच्या झुकावाला बलाघूर्ण (म्हणजे बिजागरीभोवती फिरवणारा जोर) २४ न्यूटन-मीटर आणि ३० अंशांना ६९. ते आधी पाठ पेलते. पाठ थकली की तळहात हँडलवर टेकतात आणि करंगळीकडे जाणारी नस तळहाताच्या मुळाशी दाबली जाते.

मग हायवेवर सुटका कोण करतं? वारा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. माझ्या ढोबळ हिशेबाने, पुढे काच नसेल तर ताशी ५० किमीला छातीवर साडेतीन किलोचा रेटा बसतो, १०० ला चौदा किलोचा. त्याचं उलटं बलाघूर्ण चाळीसेक न्यूटन-मीटर. म्हणजे ६९ मधलं निम्म्याहून जास्त ओझं वाराच उचलतो. (मे महिन्यात भुसावळची ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्के विरळ असते, तेवढी मदत कमी.)

आता कावासाकीच्या स्पोर्ट धाटणीची निन्जा ६५० आणि टुरिंगची, म्हणजे लांब पल्ल्याची, व्हर्सिस ६५० शेजारी उभ्या करा. इंजिन तेच, ६४९ सीसीचं. निन्जाची सीट ७९० मिमी, व्हर्सिसची ८४५. फरक तीन बोटांचा. त्यामुळे व्हर्सिसवर पाय जमिनीला चवड्यांवरच टेकतात, पण गुडघे कमी दुमडतात, आणि धुळ्यापर्यंतच्या नव्वदेक किलोमीटरमध्ये ते जाणवतं. निन्जावर माफक झुकाव आणि छोटी काच. व्हर्सिसवर ताठ पाठ आणि उंच, वरखाली होणारी काच. हे योगायोगाने जुळलेलं नाही. काच वारा अडवते, मग छातीला टेकू उरत नाही, म्हणून ताठच बसावं लागतं. 'टुरिंग म्हणजे आरामदायी' असं शोरूममध्ये सांगतात, पण काच आणि हँडल ही जोडी आहे, हे कोणी सांगत नाही.

भाच्याने मागच्या महिन्यात हौसेने आपल्या गाडीला उंच काच बसवून घेतली. हँडल होतं तिथेच. परवा पारोळ्याच्या धाब्यावर शेवभाजी खाताना तो पोळी डाव्या हाताने तोडत होता. उजवी करंगळी आता हायवेवरही बधिर होते म्हणाला. कडं अजून हातात आहे.